आधी पाणी, मग आडोसा, मग घरटं, दाणे शेवटी: अंगणातल्या पाखरांसाठी मराठवाड्यात काय, कधी आणि कसं करावं

२० मार्चला चिमणी दिन येतो, तेव्हा मराठवाड्यातल्या गावागावांत चिमण्यांच्या घरट्यासाठी लाकडी खोकी वाटली जातात. बहुतेक जण त्याच दिवशी ती जिथे खिळा असेल तिथे टांगतात, शेजारी प्लास्टिकच्या बाटलीत दाणे भरून ठेवतात, आणि मे संपला तरी खोकं रिकामंच राहतं. मग "आमच्याकडे चिमण्याच राहिल्या नाहीत" असं म्हणून विषय संपतो. चिमण्या असतात, पण क्रम चुकलेला असतो. मार्चपर्यंत जोडप्यांनी जागा धरलेल्या असतात, खोकं पश्चिमेच्या भिंतीवर तापत असतं, आणि ज्याची खरी गरज होती ते पाणी चार दिवसांपूर्वीच आटलेलं असतं.

म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच करा. आधीची पायरी जमल्याशिवाय पुढची घेऊ नका.

सुरुवात करण्याआधी: तीन गोष्टी ठरवा

पहिली, रोज सकाळी पाच मिनिटं कोण देणार? एप्रिल-मे महिन्यांत पाहुणे, लग्नं, गावाला जाणं हे सगळं असतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत पारा चाळिशीच्या वर असतो. पाण्याची सवय लागलेली पाखरं त्याच ठिकाणी परत येतात. घर बंद राहणार असेल, तर शेजारच्या काकूंना किंवा समोरच्या पोरांना आधीच सांगून ठेवा.

दुसरी, घराला ऊन कसं लागतं ते एक दिवस नीट पाहा. दुपारी बारा, तीन आणि पाच वाजता घराभोवती फेरी मारा आणि तिन्ही वेळा सावलीत असलेल्या जागेवर खडूने खूण करा. पुढे हीच खूण कामाला येणार आहे.

तिसरी, मांजर कुठून येते, कुठे दबा धरून बसते, हे बघा. कुंपणाची कड, जिन्याखालची जागा, गाडीखालचा कोपरा यांपासून पाणी आणि दाणे निदान सहा फूट लांब हवेत.

टप्पा १: पाणी (आजच सुरू करा, महिना कोणताही असो)

भांडं कुंभाराकडचं घ्या. मातीचं पसरट परळ किंवा कुंडीखाली ठेवायची मातीची थाळी, फूटभर रुंद आणि आत दीड-दोन इंचांपेक्षा खोल नको. स्टील, ॲल्युमिनियम, प्लास्टिक मे महिन्यात हात लावता येणार नाही इतकं तापतं, आणि त्याचा गुळगुळीत काठ पाखरांच्या पायाला धरता येत नाही. मातीचं भांडं पाझरतं, त्यामुळे पाणी गार राहतं.

मधे चार-पाच खडबडीत दगड असे ठेवा, की त्यांची डोकी पाण्याबाहेर राहतील. हे दगड शोभेचे नाहीत. उन्हाळ्यात पाण्यावर सगळ्यात जास्त गर्दी मधमाश्यांची असते. दगड नसेल तर त्या बुडतात. खारीचं पिल्लू, सरडा यांनाही बाहेर यायला तोच आधार असतो.

भांडं खडूची खूण असलेल्या सावलीत, कठड्यावर किंवा तीन फूट उंच दगडावर ठेवा. दुसरं, अगदी उथळ भांडं जमिनीवर, झाडाच्या बुडाशी ठेवलं तर बेडूक, सरडे आणि मुंगसालाही पाणी मिळतं.

"प्यायलाच पाणी नाही, पाखरांना कुठून देऊ?" हा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात तो मी स्वतः ऐकला आहे. पण हिशेब करून पाहा. फूटभर परळाला एका वेळी दोन-तीन लिटरच पाणी लागतं. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या घरांत नवीन पाणी भरताना हंड्यातलं शिळं पाणी ओतून दिलं जातं. तेच गाळून द्या. जुनं पाणी मोरीत न टाकता झाडाच्या आळ्यात टाका. तांदूळ-डाळ धुतलेलं किंवा साबणाचा अंश असलेलं पाणी मात्र नको. धुवण उन्हात लवकर आंबतं.

मार्च ते जूनमध्ये पाणी सकाळी आणि दुपारी दोनच्या सुमारास, असं दोनदा भरा. इतर वेळी सकाळी एकदा पुरतं.

*सावधान:* नुसतं वरून पाणी ओतत राहणं ही सगळ्यात मोठी चूक. डेंग्यूचा डास भांड्याच्या ओल्या कडेला अंडी चिकटवतो, आणि भांडं कोरडं पडलं तरी ती टिकतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पाणी रोज पूर्ण ओतून द्या आणि भांडं काथ्याने, साबणाशिवाय, कडेपर्यंत घासा. हे रोज जमत नसेल तर भांडं ठेवूच नका.

*हेही पाहा:* दुपारी भांड्यात भाकरीचे तुकडे, हाडं सापडतात का? ती कावळ्याची करणी. कावळा कडक घास पाण्यात भिजवून खातो. त्याला हाकलू नका, त्याच्यासाठी गच्चीवर एक वेगळं खोलगट भांडं ठेवा. लहान पाखरांचं पाणी साफ राहतं.

पंधरा दिवस नियमाने पाणी ठेवा आणि कोण कोण येतं ते वहीत लिहा. चिमणी, बुलबुल, होला, सातभाई, साळुंकी, दयाळ, चिरक, मनोली. पुढचं सगळं या यादीवर ठरवायचं आहे. यादीत चिमणीच नसेल, तर चिमणीचं खोकं लावण्यात अर्थ नाही.

टप्पा २: आडोसा (लावणी जून-जुलैत)

सगळी पाखरं खोक्यात घरटं करत नाहीत, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बुलबुल झुडपात वाटीसारखं घरटं बांधतो. शिंपी रुंद पानं शिवून त्यात कापूस भरतो. शिंजीर बारीक फांदीला, कधी व्हरांड्यातल्या वायरीलाही, लोंबती पिशवी विणतो. होला चार काड्या टाकून भागवतो. यांच्यासाठी कितीही सुंदर खोकं केलं तरी ते येणार नाहीत. त्यांना झुडूप लागतं.

आपल्याकडच्या पाण्यावर तगणारी झाडं निवडा. कुंपणाला मेंदी किंवा करवंद लावा. जागा असेल तर बोर, तुती, कडुलिंब. परसात शेवगा, डाळिंब, पपई, कढीपत्ता. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येतो, कढीपत्त्याची काळी फळं बुलबुल खातो. फक्त गच्ची असेल तर मोठ्या कुंडीत जास्वंद आणि अडुळसाही चालतो. टणटणी लावू नका. तिला फुलपाखरं येतात हे खरं, पण ती कुंपण ओलांडून बांधावर, माळावर पसरते आणि मग आवरत नाही.

मृगाचा पाऊस धरला की लावा आणि पहिला उन्हाळा जगवा. भांड्यातलं रोजचं जुनं पाणी एका रोपाला पुरतं.

एक कोपरा मुद्दाम झाडू नका. पालापाचोळा, दोन फुटकी कौलं, चार दगड, एक वाळकं ओंडकं तिथे राहू द्या. त्यात किडे होतात, किड्यांवर सातभाई आणि दयाळ येतात, आणि बेडकाला गारवा मिळतो. हा कोपरा घराच्या दारापासून लांब, कुंपणालगत धरा. घराच्या जोत्याला चिकटून दगडांचा ढीग नको, तिथे विंचवाची भीती असते. शेजारीच बारीक कोरड्या मातीचा हातभर चौकोन मोकळा ठेवा. चिमण्या तिथे धुळीत लोळून अंगावरचे किडे झाडतात.

*सावधान:* झाडांवर कीटकनाशक मारू नका. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना पहिले काही दिवस अळ्या आणि मऊ किडेच भरवते. जास्वंदीवरचा मावा मारण्यासाठी केलेली फवारणी पिलांच्या पोटावर येते. मावा पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा.

*सावधान:* फेब्रुवारी ते सप्टेंबर कुंपण छाटायचं असेल, तर आधी फांद्या बाजूला सारून आत बघा. घरटं दिसलं तर महिनाभर कात्री बाजूला ठेवा.

टप्पा ३: खोकं बनवणं (दिवाळीनंतर)

माळवदाच्या घरात तुळयांच्या फटी, भिंतीतले कोनाडे, वळचण, हे सगळं चिमणीला आयतं मिळत असे. स्लॅबच्या घरात भोक नाही, म्हणून खोकं. ते त्या फटीसारखं असायला हवं: अरुंद तोंडाचं, अंधारं, कोरडं आणि गार.

लाकूड पाऊण इंच जाडीचं, रंग-पॉलिश नसलेलं. जुन्या दाराची, पाटाची फळी चालते. प्लायवूड पहिल्याच पावसाळ्यात सुटतं. पत्र्याचा डबा आणि प्लास्टिक उन्हात भट्टी होतात. बुटांचं खोकं फक्त व्हरांड्याच्या आत टिकतं, तेही एकच हंगाम.

सुताराला ही मापं लिहून द्या:

पाठ: साडेसहा इंच रुंद, चौदा इंच उंच (दोन इंच वर आणि दोन इंच खाली, स्क्रूसाठी जास्तीचे).
पुढची फळी: साडेसहा रुंद, आठ उंच.
बाजूच्या दोन फळ्या: पाच रुंद, मागची उंची दहा, पुढची आठ, म्हणजे वरची कड तिरकी.
तळ: पाच बाय पाच.
छत: साडेआठ बाय आठ, पुढे दोन इंच बाहेर येणारं.

दार सव्वा इंच व्यासाचं. सुताराच्या भाषेत दहा सूत. इथे हयगय नको. सुतार हाताशी असलेल्या होल सॉने दोन इंचांचं भोक पाडतो आणि म्हणतो, "ताई, मोठं असलेलं बरं, सहज आत जाईल." आत चिमणी नाही, साळुंकी जाते. साळुंकी शिरली की चिमण्या त्या भिंतीकडे फिरकत नाहीत. "दहा सूतच पाडा, मामा" असं सांगून समोर उभ्या राहा. भोकाची खालची कड तळापासून पाच इंच वर हवी, नाहीतर मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच पिलांपर्यंत पोचते.

तळाला चारही कोपऱ्यांत दोन सुताची छिद्रं, ओल निघून जायला. दोन्ही बाजूंना छताखाली दोन-दोन छिद्रं, गरम हवा बाहेर पडायला. बाजारातल्या बऱ्याच खोक्यांना ही वरची छिद्रं नसतात. मराठवाड्यात हा दोष जीवघेणा ठरतो. विकत आणलेलं खोकं असेल तर टांगण्याआधी ड्रिलने पाडून घ्या.

पुढच्या फळीला आतून, भोकाखाली, पटाशीने आडव्या खाचा मारा. उडायच्या वयाची पिलं त्यांवर पाय देऊन वर चढतात. छत खिळ्यांनी ठोकून बंद करू नका. जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी छत आणि पाठ यांच्या सांध्यावर ठोकली की तीच बिजागरी होते आणि सांध्यातून पाणीही झिरपत नाही. पुढे एक आकडी लावा.

दारासमोर बसायची काडी नको. सुंदर दिसते म्हणून सगळे लावतात. चिमणीला तिची गरज नसते; त्या काडीवर बसून कावळा आत डोकावतो.

*तपासा:* खोकं बंद करून भोकातून आत पाहा. फळ्यांच्या सांध्यांतून उजेडाच्या रेघा दिसत असतील तर लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून त्या बुजवा. बाहेरून रंग द्यायचाच असेल तर फिका द्या आणि महिनाभर उघड्यावर वास जाऊ द्या. आतून काहीही लावू नका.

टप्पा ४: खोकं लावणं (संक्रांतीच्या आत)

उत्तर किंवा पूर्व भिंत. नैर्ऋत्येचा पाऊस आणि पश्चिमेचं ऊन, दोन्ही तिकडे कमी. उंची आठ ते दहा फूट, सज्जाखाली किंवा पोर्चच्या छताखाली.

माझं पहिलं खोकं मी पश्चिमेला लावलं होतं, कारण ते माझ्या खिडकीतून दिसायचं. एप्रिलमध्ये चिमणी पिलांना भरवताना दिसे. एक दिवस ती घास घेऊन येई, दाराशी थांबे आणि तसाच घास घेऊन परत जाई. संध्याकाळी मी छत उघडलं तेव्हा चारही पिलं मेलेली होती, आणि लाकूड तेव्हासुद्धा हाताला चटका देत होतं. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी खोकं लावायला गेले की आधी खडू मागते.

खोकं दोन स्क्रूंनी भिंतीला पक्कं करा. दोरीने फांदीला टांगलेलं, वाऱ्यावर झुलणारं खोकं पाखरं घेत नाहीत. नायलॉनचा दोरा तर अजिबात नको: चिमणी त्याचे धागे उपसून घरट्यात नेते आणि पिलांच्या पायाला ते गुंडाळतात. घरात पडलेल्या लांब दोऱ्यांचं, मांजाच्या तुकड्यांचंही तेच. मांजा दिसला की गोळा करा आणि बारीक कापून फेका.

पंखा फिरतो त्या खोलीत किंवा खोलीच्या वाटेवर खोकं नको. दारापासून पायवाट, गेट, कुत्र्याची जागा निदान सहा फूट लांब. चिमण्या थव्याने राहतात, त्यामुळे चार-पाच फुटांच्या अंतराने दोन-तीन खोकी लावलीत तर लवकर वसतात.

आत गवत भरू नका. भरलेलं खोकं चिमणीला दुसऱ्याने घेतलेलं वाटतं. अंगणात वाळकं गवत, कडब्याचा चुरा, थोडा कापूस पडू द्या; ती तिचं ती नेते. चिमणा दारात बसून सारखा चिवचिवायला लागला, की जागा पसंत पडली असं समजा.

आणि मग थांबा. काही खोकी आठवड्यात वसतात, काहींना वर्ष लागतं. दोन महिने झाले म्हणून जागा बदलू नका. बदलली की सगळं पहिल्यापासून.

*सावधान:* चिमणी आत-बाहेर करू लागल्यावर छत उघडून बघू नका, मोबाईल आत घालून फोटो काढू नका. अंड्यांना अकरा ते चौदा दिवस, पिलांना उडायला आणखी दोन आठवडे लागतात. ते दिवस खालून, लांबून बघा. अंगणातला दिवा थेट दारावर पडत असेल तर तो रात्री बंद ठेवा.

टप्पा ५: दाणे (शेवटी आणि थोडे)

दाण्यांची घाई सगळ्यांना असते आणि गरज सगळ्यात कमी. किडे, बिया, फळं असलेल्या अंगणात पाखरू स्वतःचं पोट भरतं. दाण्यांचा खरा उपयोग फेब्रुवारी ते जून, ज्वारी-हरभऱ्याचं रान मोकळं झाल्यावर.

आपल्याकडचं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे ज्वारीची कणसं. सुगीच्या वेळी ओळखीच्या शेतकऱ्याकडून दहा-बारा मागून घ्या. दांडे सुतळीने बांधून जुडी सावलीत, जमिनीपासून सहा फुटांवर उलटी टांगा. चिमण्या लोंबकळत दाणे टिपतात, कबुतरांना ते जमत नाही, आणि काहीही कुजत नाही.

कणसं नसतील तर स्वयंपाकघरातली जुनी चाळणी घ्या, तीन तारांनी सपाट टांगा. पाणी साचत नाही, दाणे उडत नाहीत, धुवायला सोपी. त्यात सकाळी एक मूठ बाजरी, राळा, तांदळाची कणी किंवा ज्वारीची भरड. संध्याकाळी उरलेले काढून घ्या. उरत असतील तर दुसऱ्या दिवशी अर्धी मूठ. बुलबुलासाठी पपईची, केळ्याची, पेरूची फोड खिळ्याला टोचून ठेवा आणि मुंग्या लागायच्या आत काढा. फरसाण, चिवडा, ब्रेड, मसालेभात, दूध यांतलं काहीही नको.

*सावधान, हे दोनदा वाचा:* पेरणीतून उरलेलं बियाणं पाखरांना टाकू नका. गुलाबी, लाल किंवा हिरवा रंग चढलेल्या दाण्यांवर औषधाची प्रक्रिया केलेली असते. कोठीत कीड लागू नये म्हणून गोळ्या किंवा पावडर घातलेलं धान्यही नको. फुकट जातंय म्हणून अंगणात फेकलेल्या अशा मूठभर दाण्यांनी थवा मरतो.

*सावधान:* दाणे जमिनीवर पसरले की रात्री उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. चाळणीखालची जागा रोज संध्याकाळी झाडा.

कबुतरांचा थवा ठाण मांडायला लागला, तर पंधरा दिवस दाणे पूर्ण बंद, पाणी चालू. पाऊस लागला की दाणे बंदच करा. ओल्या दाण्यांना बुरशी येते, आणि त्या दिवसांत रानात किड्यांची कमी नसते.

अडचण आली तर

*पिल्लू खाली पडलं:* अंगावर पिसं असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय. जवळच्या झुडपात ठेवा आणि मांजर आवरा. पिसं नसतील तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हा गैरसमज आहे.

*उन्हाने पाखरू पडलं:* छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मऊ कापडावर, सावलीत आणि शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. शेजारी उथळ झाकणात पाणी ठेवा. तासाभरात सावरलं नाही किंवा जखम असेल तर वन विभागाचा १९२६ क्रमांक लावा. आपल्याकडे ठेवून घेऊ नका. पोपट पिंजऱ्यात पाळणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे.

*एकाच वेळी अनेक पाखरं मेलेली दिसली:* हात लावू नका. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्यांना आणि २०२५ च्या जानेवारीत उदगिरात कावळ्यांना बर्ड फ्लू निघाला होता. पशुसंवर्धन विभागाला १९६२ वर कळवा, आणि निदान होईपर्यंत चाळणी आणि पाण्याचं भांडं दोन्ही उचलून ठेवा.

*आरशाशी भांडणारं पाखरू:* शिंजीर, चिरक किंवा दयाळ स्वतःच्या प्रतिबिंबाला शत्रू समजून गाडीच्या आरशावर चोची मारत राहतो आणि दमून जातो. आरशावर जुना मोजा चढवा.

टप्पा ६: वर्षाची साफसफाई (नोव्हेंबर-डिसेंबर)

चिमण्या एका हंगामात दोन-तीनदा पिलं काढतात, म्हणून मधेच घरटं काढू नका. दिवाळीनंतर सलग आठ दिवस पाहा. कुणी आत-बाहेर करत नसेल तरच छत उघडा.

नाका-तोंडाला रुमाल बांधा, हातमोजे घाला. जुनं घरटं पिशवीत काढून कचऱ्यात टाका. त्यात पिसवा असतात, झाडाखाली नको. आत उकळतं पाणी ओता, ब्रशने खरवडा आणि खोकं दोन दिवस कडक उन्हात उघडं वाळवा. फिनेल किंवा किडे मारायची पावडर घालू नका, वास महिनोन्‌महिने राहतो. तळाची छिद्रं तारेने मोकळी करा. दाराला सव्वा इंचाची काठी लावून पाहा: खारीने कुरतडून भोक मोठं केलं असेल, तर दहा सुताचं भोक असलेली पत्र्याची चकती, कडा कानशीने घासून, बाहेरून बसवा.

मग खोकं त्याच भिंतीवर, त्याच दोन स्क्रूंना लावा.